बारावा गडी

"तुम्ही हे सगळं मनापासून करताय, की नवं वर्ष लागलंय म्हणून?"

विचारलं आणि तिनं डोळे गच्च मिटून घेतले. झालं, सुटली एकदाची! लवंगीनं पैजच लावली होती, 'हिंमत असेल तर जेवताना, तोंडावर विचार.' आता घ्या.

डोळे उघडले तेव्हा कॅप्टनच्या तोंडात काकडी होती आणि ती ना आत जात होती, ना बाहेर येत होती. अंपायरनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढं सरकवला.

कॅप्टन बस चालवायचे. दिवसभर बसून बसून त्यांचं पोट स्टिअरिंगची गळाभेट घ्यायला लागलं होतं. अंपायर शिवणकाम करायच्या, आणि घरातल्या कुठल्याही तंट्यात त्यांचं बोट वर गेलं की निकाल लागला. नावं तिनंच पाडली होती, एक जानेवारीला, फ्रिजवर नियम चिकटवताना. दिवस मावळला की तिघांनी एकत्र जेवायचं. फोन डब्यात. मग पाण्याच्या टाकीपर्यंत चालून यायचं. तळलेलं आणि गोड बंद. स्वतःसाठी तिनं 'बारावा गडी' निवडलं होतं.

"तिघांत बारावा कसा गं?" कॅप्टननी विचारलं होतं.

"असतो एखादा," ती म्हणाली होती. "बाकावर बसून बघणारा."

महिनाभर करून बघायचं, असं ठरलं होतं. महिनाअखेरीला ताई येणार, विचारपूस करणार, आणि पुढं चालू ठेवायचं का ते तेव्हा ठरणार. जुन्या घरच्या मैत्रिणींचा यावर काडीचा विश्वास नव्हता. लवंगीनं मुरडलेलं नाक तर फोनवरसुद्धा ऐकू आलं.

"नव्याची नवलाई गं! ढब्बूचं काय झालं? तिच्याकडंही पहिल्या आठवड्यात गाजरं काय, फिरणं काय! दुसऱ्या आठवड्यात गाशा गुंडाळला, आणि ढब्बूबाई परत होत्या तिथंच."

आणि आज नेमका कॅप्टनच्या युनिफॉर्मच्या खिशात बिस्किटाचा चुरा निघाला. क्रीमच्या बिस्किटाचा! दुसराच आठवडा. बिस्किटांचं तिला काही नव्हतं, बिचारी बिस्किटं. तिला हवं होतं ते टाकीपर्यंतचं चालणं. मध्ये ती, एका बाजूला कॅप्टन, एका बाजूला अंपायर. ते तेवढं बंद पडू नये. बस्स.

काकडी एकदाची खाली उतरली.

"खरं सांगू? मला काकडी लहानपणापासून आवडत नाही. आणि काल मी बिस्किटं खाल्ली."

"परवाही," अंपायर म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"अहो, कपडे धुताना खिसे कोण उलटे करतं?"

कॅप्टन ताटाकडं बघत राहिले. "पण आपण तिघं असे जेवायला बसतो ना, ते आवडतं. त्यापायी काकडीसुद्धा गिळतो माणूस."

अंपायरनी नुसतं बोट वर केलं. कॅप्टन आऊट! ती इतकी हसली की पाणी नाकात गेलं.

जेवून तिघं फिरायला निघाले. कोपऱ्यावरचा फळवाला तिला बघून म्हणाला, "लेक अगदी बापावर गेलीय हो! त्याच ढांगा, तोच हट्टी चेहरा."

कॅप्टन एरवी घासाघीस केल्याशिवाय केळंसुद्धा घेत नसत. त्या संध्याकाळी भाव न विचारता त्यांनी पिशवीभर सफरचंदं घेतली.

"एवढी कोण खाणार?" अंपायरनी विचारलं.

"खाऊ की!" आणि टाकी येईपर्यंत ते शीळ घालत राहिले.

परतताना तिची पँट कुंपणाच्या तारेला अडकली. अंपायरनी फिरायला जाण्यासाठी तिघांना एकाच कापडाच्या पँटी शिवल्या होत्या. तिच्या पँटीची खालची शिवण उसवली आणि आत दुमडलेलं वीतभर कापड लोंबायला लागलं. मग काय, तिला आयतं कोलीतच मिळालं.

"अंपायर, तुमचं माप चुकलं! केवढं कापड उरलंय बघा!"

"चुकलं नाही," घरी आल्यावर सुईत दोरा ओवत अंपायर म्हणाल्या. "वाढतं अंग आहे तुझं. यंदा थोडं सोडायचं, पुढच्या वर्षी आणखी थोडं. दहावीपर्यंत पुरेल."

"दहावीपर्यंत?"

"मग काय! पुढं नवी शिवू."

शिवून झाल्यावरही ती त्या दुमडीवरून बोट फिरवत बसली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी ताई आल्या. भूक लागते का? झोप लागते का? शाळेत कसं चाललंय? ती पटापट उत्तरं देत होती. कॅप्टन इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी टोकाला बसले होते. अंपायर सरळच असलेला टेबलक्लॉथ पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या.

"आणि तुमचं काय?" ताईंनी त्या दोघांना विचारलं.

"आमचं पहिल्या दिवशीच ठरलंय," कॅप्टन घसा खाकरून म्हणाले. "आता हिनं सांगायचं."

ती उठली. फ्रिजपाशी गेली, पेन घेतलं आणि नियमांच्या कागदावरच्या 'बारावा गडी' वर काट मारली. पेनाचं टोपण लावायला उगाच वेळ लागला.

"ताई, बालगृहातला माझा खिडकीजवळचा पलंग आता लवंगीला द्या," ती म्हणाली. मग त्या दोघांकडं वळली, आणि महिनाभर ओठांशी अडवून धरलेलं एका दमात बोलून टाकलं, "आई, बाबा, मी राहतेय."