आरशावरचं कुंकू

दीपमालानं सेलमध्ये अर्ध्या किमतीत मागवलेला आरसा दुपारी ढाणकीत पोचला. तिनं तो घाईघाईनं बाजेसमोरच्या खिळ्याला अडकवला.

"आधी हळदकुंकू लाव त्याले, मंग पाह्यजो तोंड," बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

दीपमालानं काचेच्या कोपऱ्यात ओलं बोट टेकवलं. तेवढ्यात बांगडी घासली आणि कुंकवाचा एक वाकडा फराटा उमटला.

"राहू दे. कुंकू पुसत नसतात," सासूबाईंनी बजावलं.

खरेदीच्या ॲपवर आरशाचा फोटो टाकला की पुढच्या खरेदीवर सूट होती. बाकीच्यांनी कसे टाकलेत ते बघायला तिनं मोबाइल उघडला. पहिलाच फोटो मागच्या दिवाळीतला होता. त्यातल्या आरशाच्या कोपऱ्यात कुंकू होतं आणि त्याखाली अगदी तस्साच वाकडा फराटा.

तिनं फोटो मोठा केला. आरशात त्यांचीच बाज दिसत होती. बाजेवर सासूबाई, मांडीवर शेंगांचं सूप, अंगावर आजचंच हिरवं लुगडं. एवढ्या समोरून फोटो काढणारं माणूसही आरशात दिसायलाच हवं होतं. तिथं कोणीच नव्हतं.

मान वर करून समोरच्या आरशात बघायचा तिला धीर होईना. मागं शेंगा सोलायचा आवाज थांबला. ती गर्रकन वळली.

सासूबाई तिच्याच दिशेनं बघत होत्या.

"दीपमाला, कुठी गेली वं? आत्ता तं अठीच होती."