टप कापलेली गाडी

“टप कापायचा?” पप्पूनं हातातला पाना खाली ठेवला. “अक्का, अशी गाडी आख्ख्या जिल्ह्यात न्हाई. मालक वरून शिव्या घालतील मला.”

“मालक गेले. गाडी आता माझी हाय,” चन्नबसम्मा म्हणाली. “मागच्या सीटवरचा तेवढा काप. म्होरचा ऱ्हाऊ दे.”

पप्पूचं गॅरेज वालूरहून सेलूला जाणाऱ्या रस्त्यावर. तिथं ट्रॅक्टर आणि जीपच्या गर्दीत ती लांबलचक काळी विलायती गाडी अंग चोरून उभी होती. चन्नबसम्माच्या नवऱ्यानं, विरूपाक्षअप्पांनी, कापसाच्या धंद्यात बरे दिवस होते तेव्हा ती हैदराबादहून आणली. तेव्हाही ती जुनीच होती. पण अप्पांचा जीव तिच्यात. आतल्या लाकडी पट्टीला ते स्वतः तेल लावायचे, एकेका पार्टसाठी हैदराबादचा जुना बाजार पालथा घालायचे. बायकोच्या औषधाची वेळ विसरतील, इंजिनाच्या ऑइलची कधी नाही. चन्नबसम्मानं त्या गाडीचा सवतीसारखा राग राग केला. अप्पा गेले आणि भावकी म्हणाली, भंगारात घाला, तेव्हा मात्र तिनं चावी कमरेला खोचली ती आजतागायत.

भावकीशी तिचं वाजलं ते शिवानीवरून. शिवानी ही तिची नात, आईबापामागं तिनंच वाढवलेली. पोरीनं स्वतःच्या मनानं गंगाखेडचा, दुसऱ्या समाजातला मुलगा पसंत केला. झालं, पुतण्या महांतेश चार बाप्ये घेऊन दारात. भावकीत त्याचा शब्द चालायचा, निदान त्याला तसं वाटायचं.

“काकू, शेवटचं सांगायलोय,” तो म्हणाला. “त्या पोरीला तोडा. न्हाईतर इथून पुढं तुमच्या दारात आमच्यातलं कुणी पाऊल ठेवणार न्हाई.”

“बरं झालं. अंगण कमी झाडावं लागंल,” चन्नबसम्मा म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात आली. वालुरानं लगेच ओळखलं की म्हातारी नातीची वरात काढणार, तीही उघड्या गाडीतून, महांतेशच्या दुकानापुढून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं काही जण म्हणाले. ते म्हणतानाही वरात बघायला आपण कुठं उभं राहायचं, हे त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

पप्पूनं टप कापला. कापताना त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते लपवलंही नाही. मागची सीट काढून तिथं सागवानी चौरंग बसवला, त्याला ताठ पाठ दिली. अक्का रोज येऊन बघायची आणि रोज काहीतरी नवं काढायची.

“गाडी माणसाच्या चालीनं चालली पायजे. तापायची तर न्हाई ना?”

“तापंल. जुनं इंजिन हाय. दुसरा पंखा लावतो.”

“मागून बसलीय ती. उचलून घे.”

“स्प्रिंगा बदलतो.”

“पाठीला पट्टा लाव. रुंद. मऊ कापडाचा.”

“पट्टा कशाला, अक्का? हळूच तर जायचंय.”

“खड्डे हायत. कलंडायला नको.”

पप्पूला वाटलं, नवरीचा शालू जड असतो, असेल तसंच काही. त्यानं पट्टा लावला, हारांसाठी दोन्ही बाजूंनी कड्याही लावल्या. लिंगायतांच्या घरचं कार्य म्हणून टपाच्या कडेला त्यानं आपल्या मनानं भस्माच्या तीन पट्ट्या ओढल्या. त्या बघून अक्का पहिल्यांदा हसली.

बाजाराच्या दिवशी चाचणी ठरली. पप्पू स्टेअरिंगवर बसला. अक्का स्वतः चौरंगावर चढली, मांडी घातली, पाठ टेकवली. तिचं डोकं आणि खांदे टपाच्या वर आले. गाडी माणसाच्या चालीनं बाजारात शिरली.

लोक हातातली भाजी तशीच धरून उभे राहिले. बांगडीवाली कस्तुराबाई ओरडून म्हणाली, “अक्का, तुमीच नवरी व्हा की.”

अक्का हसली नाही. तिनं नजर समोर ठेवली.

महांतेशच्या दुकानापुढं तिनं गाडी थांबवायला लावली. गल्ल्यावरून मान वर करत महांतेशनं बघितलं. आधी तो रागावला. मग ती घातलेली मांडी, ती टेकलेली पाठ त्यानं नीट बघितली. त्याचे हात आपोआप जुळायला आले, तसे त्यानं ते झटकन खाली घेतले. तो दुकानात आत निघून गेला.

“जिरली,” पप्पू खुशीत म्हणाला आणि त्यानं गाडी पुढं काढली.

इंजिन तापलं नाही. गॅरेजात परत आल्यावर पप्पूनं अक्काला हात देऊन खाली उतरवलं. तो स्वतःवरच खूश होता, पण एक गोष्ट त्याला खटकत होती.

“अक्का, चुकलंच आपलं. एकाच माणसाची जागा झाली. शिवानीताई बसली तर नवरदेव कुठं बसंल?”

“शिवानीचं लगीन झालं की,” चन्नबसम्मा चपला घालत म्हणाली. “परभणीला, रजिस्टर. सही मीच केली. ती म्होरं बसणार, गाडी चालवायला. शिकायलीय सध्या.”

पप्पू गोंधळला. “मग मागं कोण?”

“मी. खांदा देत न्हाई म्हणं भावकी, नको देऊ दे. आमच्यात मेलेलं माणूस बसून जातं, इसरलास व्हय?”