मागच्या दारचा तांब्या

"भाऊ, झाकणाला हात लावू नका," व्हेरोनिका पायरीवरून म्हणाली. "वाफ गेली की सगळे बसलेच खाली."

हरिश्चंद्राने हात मागे घेतला. चुलीवर मोदकपात्र होतं. आत सहा वाट्या आणि वाट्यांत तांदळाचं आंबवलेलं पीठ. तांदूळ त्याने काल दुपारी भिजवले आणि संध्याकाळी स्वतः पाट्यावर वाटले. बायको, लीला, गेल्यापासून तो पाटा भिंतीला उभा होता. पीठ फुगायला लागणारी ताडी शेजारच्या व्हेरोनिकाने आणून दिली होती, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून, पदराखाली लपवून.

"दारूबंदीचा शिपाई भेटला असता म्हणजे?" त्याने काल विचारलं होतं.

"सांगितलं असतं, पोरीच्या खोकल्याचं औषध आहे. खोटं बोलले ते रविवारी फादरना सांगून टाकलं असतं."

पोरीला खोकला नव्हता. पाच वर्षांच्या मंदाला काही खाल्लं की मागच्या दारी पळावं लागे. तिथे पाण्याचा तांब्या कायम भरून ठेवलेला असे. हातपाय काटक्या झालेले, पोट तेवढं पुढे. आई गेल्याचा धक्का असेल, असं सगळ्यांना वाटलं. आजाऱ्याला हलकं म्हणून हरिश्चंद्र रोज पाव घ्यायचा आणि दुधात कुस्करून तिला भरवायचा. ती जितकी सुकत गेली तितका तो जास्त पाव भरवत गेला. शेवटी मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं, "हिला गहू सोसत नाही. पाव, बिस्किटं, शेवया, सगळं बंद." ते ऐकून हरिश्चंद्र दवाखान्याच्या जिन्यातच बसला.

त्या गोष्टीला तीन आठवडे झाले होते. घरात गहू कोणासाठीच येत नव्हता. मंदाचं पळणं कमी झालं, पण खाणंही. तांदळाची भाकरी ती थुंकून टाके. पेज दोन घोट. भोवती सगळी केळीची वाडी, पण केळं अर्धंच. तिला पाव हवा होता.

"परवा बाबांनी गिरणीच्या पिठाचे केले, त्यांचे दगड झाले होते, मावशी," सरला म्हणाली. ती थोरली, दहा वर्षांची. "कोंबडीनेसुद्धा चोच मारली आणि निघून गेली."

"सरले, गप्प बस."

"गेलीच ती. मी पाहिलं ना."

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. पाववाला इग्नेशियस. आमच्या दारात घंटी वाजवू नकोस, असं त्याला सांगून ठेवलं होतं. आज तो विसरला. भिंतीला टेकून बसलेल्या मंदाची मान तिकडे वळली.

"बाबा, पाव," ती म्हणाली. रडली नाही. नुसतं म्हणाली.

व्हेरोनिका उठून आत आली. "उघडा आता."

हरिश्चंद्राने झाकण काढलं. वाफ विरली तेव्हा प्रत्येक वाटीच्या काठावर एक पांढरा गोळा फुगून आलेला दिसला. त्याने एक वाटी केळीच्या पानावर उपडी केली, कडेने गूळ घातलेलं नारळाचं दूध ओतलं आणि पान मंदापुढे सरकवलं.

"हा पाव आहे?"

व्हेरोनिकाने त्याला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा. पण त्याला ते जमेना.

"नाही, बाळा. तांदळाचा आहे. मी केलाय."

मंदाने बोटाने दाबून पाहिलं. खळगा पडला आणि हळूच वर आला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा वर आला.

"हा उठतो," ती म्हणाली आणि एक तुकडा तोडला. दुधात बुडवला. तोंडात घातला. सरलाने न विचारताच स्वतःची वाटी उपडी केली.

"मला अजून एक," मंदा म्हणाली.

इग्नेशियस टोपी हातात घेऊन दारात येऊन उभा होता. "हरिश्चंद्र, चुकलो रे. हाताला सवय, घंटी वाजून गेली." मग त्याची नजर पानावर गेली. व्हेरोनिकाने त्याच्या हातावर एक तुकडा ठेवला. तो त्याने बराच वेळ चघळला.

"ताडी कुठली?" त्याने हळूच विचारलं.

"पाव विक जा," व्हेरोनिका म्हणाली.

ती दोघं गेली. हरिश्चंद्राने वाट्या तशाच ठेवल्या आणि मागच्या दाराकडे तोंड करून बसला. इतकं पोटभर ती कित्येक महिन्यांत जेवली नव्हती. आता बसेल, मग पोट धरेल, मग पळेल. त्याला तो सगळा क्रम पाठ होता.

थोड्या वेळाने मंदा उठली. तोही उठला.

"कुठे निघालीस?"

"कोंबडीला दाखवते," ती म्हणाली. मुठीत शेवटचा तुकडा धरून ती पुढच्या दाराने बाहेर गेली. अंगणात सरलाचं हसणं ऐकू आलं, मग कोंबडीचा कलकलाट, मग दोघींचं हसणं.

दुपार कलली तरी मागच्या दारचा तांब्या तसाच भरलेला होता. सकाळी त्यात पडलेलं एक वाळकं पान अजून पाण्यावर तरंगत होतं. हरिश्चंद्राने तांब्या उचलला, लीलाने लावलेल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतला, आणि न भरताच भिंतीशी पालथा घालून ठेवला.