मॉलमधला बर्फ

हैदराबादेत कुकटपल्लीच्या मराठी घरातली ऋजुता बारा वर्षं चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळली होती. देहरादूनला बर्फावरच्या हॉकीच्या निवड चाचणीत मात्र तिला थांबताच आलं नाही. चाकांवर वळसा घेऊन थांबतात, बर्फावर स्केटचं पातं आडवं घालावं लागतं. ती तीनदा कठड्यावर आदळली. "रोज बर्फावर उतर. पुढचं वर्ष तुझ्या वयोगटात शेवटचं," तिथल्या प्रशिक्षक म्हणाल्या. परतल्यावर ती मॉलमधल्या बर्फाच्या छोट्या रिंकवर जाऊ लागली. "स्टिक नक्को मॅडम, बच्चे हैं," तिथले रखवालदार मेहबूबभाई म्हणाले. मग वाढदिवसाच्या पोरांमधून वाट काढत ती नुसतं थांबायला शिकत राहिली. अकराव्या महिन्यात एकदा बर्फाचा भुगा उडाला आणि ती जागीच थांबली. मेहबूबभाईंनी टाळ्या वाजवल्या. मग ओशाळून म्हणाले, "कल से ये बंद होरा, बेटी. इधर बच्चों के कूदने के ट्रॅम्पोलिन आरे." "चाचणी पुढच्या महिन्यात आहे," त्यांच्याशी हिंदीत बोलायचं विसरून ती मराठीतच म्हणाली.