लांबचा पल्ला

"काका, तुमचं येणं-जाणं गावातल्या गावात. त्याला नुसती बॅटरीची छोटी गाडी पुरेल. पेट्रोलवरही चालणारी ही भलीमोठी गाडी कशाला?" शोरूममधल्या सेल्सगर्लनं प्रांजळपणे सांगितलं.

"चार्जिंग संपलं तरी ही वाटेत अडत नाही ना? मग हीच."

"अहो, पण आपण लांब जातो कुठे?" बायकोनं विचारलं.

मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून लेकीचं नावही त्यांनी इतकी वर्षं घरात काढू दिलं नव्हतं. ते स्टिअरिंगकडे बघत पुटपुटले, "तू तिला चोरून फोन करतेस, ठाऊक आहे मला. विचार, आम्ही दोघं आलो तर चालेल का."

बायकोनं डोळे टिपले आणि घाईघाईनं सेल्सगर्लला विचारलं, "मागे लहान मुलांच्या दोन सीट बसतील ना गं? जुळी नातवंडं आहेत आमची!"