मारलं पोस्टमनने

नटीने टार्टचा घास घेतला, डोळे मिटून "अंऽऽ" केलं, म्हणाली, "खुनी याच खोलीत आहे," आणि दिग्दर्शिकेने कट म्हणताच तो घास टेबलाखालच्या बादलीत थुंकून टाकला.

सकाळपासून हेच चाललं होतं. बादलीत लाळेत भिजलेल्या मनुकांचा लगदा साचला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. व्हर्ना ह्लादुन भट्टीपाशी उभी राहून बघत होती. बेकरीचं दुकान तिचं, टार्ट तिचे, बादलीही तिचीच. एरवी ती त्यात साखर ठेवायची.

"मनाला लावून घेऊ नका," मेकअपवाली म्हणाली. "प्रत्येक घास गिळत बसल्या, तर बाईंना त्या फ्रॉकमध्ये कोंबायला चौघं लागतील."

व्हर्नाला हसू आलं नाही. ही मालिका ती दर आठवड्याला बघायची. छोट्या गावातली बेकरीवाली हेझल, पीठ मळता मळता खुनी शोधून काढते. पोलिसांना जमत नाही ते तिला जमतं. म्हणूनच शूटिंगवाल्यांनी दुकान मागितलं तेव्हा व्हर्नाने आनंदाने किल्ली दिली होती.

मधल्या वेळात मालिकेचा लेखक, टोबिन, कॉफी मागायला आला. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "या भागात मरतं कोण?"

"मार्ला म्हणून एक बाई. तुमच्याच गावची गोष्ट आहे, व्हर्नाबाई! बारमध्ये ऐकली. भांडकुदळ, पिणारी बाई. बर्फ वितळल्यावर तळ्यात सापडते. गावात कुणाला तिचं काही पडलेलं नसतं. आम्हाला असंच मढं लागतं. बघणाऱ्यांना रडावं लागत नाही."

व्हर्नाने किटली खाली ठेवली. मार्लीन. तिची धाकटी बहीण. शाळेची बस चालवायची. प्यायची, भांडायची, ते खरंच होतं. पण तिच्या गळ्यावर वळ होते. पोलीस 'पाय घसरला' असं लिहून मोकळे झाले. ती नाहीशी झाली त्या संध्याकाळी अर्धं गाव बारमध्ये होतं आणि कुणीही काहीही पाहिलं नव्हतं.

"आणि... मारलं कुणी तिला?"

तिने त्याची बाही धरली होती. क्षणभर तिला खरंच वाटलं, याला माहीत आहे. बारमध्ये कुणीतरी, दारूच्या भरात, याच्याजवळ बोललं आहे.

"फुलवालीने," टोबिन कॉफीवर फुंकर घालत म्हणाला. "म्हणजे, तसं ठरलं होतं. पण फुलवालीचं काम करणारी कालच दुसऱ्या मालिकेत गेली. मग आता पोस्टमनने मारलं. काही बिघडत नाही, वाक्यं तीच आहेत."

व्हर्नाने बाही सोडली. हात एप्रनला पुसला. पुन्हा पुसला. त्या माणसाची शिसारी आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची आली. याच्यापुढे आपण तोंड वासून उभ्या राहिलो. याच्यापुढे!

"बारमध्ये सांगितलं कुणी?"

"सगळ्यांनीच! एकाने सुरू केलं की दुसरा पुढचं जोडतोय. हसून हसून पोट दुखलं हो. धमाल गाव आहे तुमचं."

"ती माझी बहीण."

टोबिनचा कप ओठांशीच थांबला. "अरेरे," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही." मग समजूत घालावी तसं, "पण बघा ना, आमच्या गोष्टीत निदान खुनी सापडतो तरी."

ती तशीच वळली.

शेवटच्या दृश्यासाठी गावकरी आत येऊन टेबलांभोवती बसले. हार्डवेअरवाला क्लाइड इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. "ये ना गं व्हर्ना, तुझी खुर्ची धरलीये! टीव्हीवर दिसणार आज आपण!"

"क्लाइड, यांच्या तळ्यातली बाई कोण आहे, माहीत आहे ना तुला?"

क्लाइडने शेजारच्यांकडे पाहिलं. शेजारच्यांनी टेबलाकडे पाहिलं.

"अगं, गोष्ट आहे ती," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं झाली. आता तरी सोड."

व्हर्नाने भट्टीतला गरम ट्रे काढला आणि मागच्या दाराने बाहेर नेला. अस्वलांना उघडता येऊ नये म्हणून जाड कडी लावलेला कचऱ्याचा डबा तिने उघडला, सगळे टार्ट आत ओतले आणि कडी घातली. शूटिंगवाली एक मुलगी दारात येऊन बघत होती.

"चालेल, मॅडम," ती म्हणाली. "आमच्याकडे मेणाचे आहेत. कॅमेऱ्यात तेच बरे दिसतात."

दार लागलं. व्हर्ना भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. आत दिग्दर्शिका समजावून सांगत होती, "हेझलने खुनी पकडलाय. गावाला हायसं वाटलंय. आता सगळ्यांनी मोकळेपणी हसायचं. चला!"

गाव हसलं. भिंतीतूनही तिला एकेक हसू वेगळं ओळखू येत होतं. दम्यामुळे मध्येच अडकणारं क्लाइडचं. बारवालीचं किनरं. पेन्शनीत गेलेल्या हवालदाराचं, पोटातून येणारं. ती एकेक ऐकत राहिली, एकही सुटू नये म्हणून श्वास धरून.

"कट!" आतून दिग्दर्शिका खूश होऊन ओरडली. "झकास! पुन्हा घ्यायला नको. काय मनापासून हसता हो तुम्ही लोक!"