शालनचा चेहरा

रत्नागिरी स्टेशनात जयवंत मयेकर बॅग घेऊन बायकोच्या समोरून सरळ पुढे निघून गेला, तेव्हा शालनला हसावं की रडावं कळेना.

"अहो, मी इथे आहे," तिने हाक मारली.

आवाज ओळखीचा होता. जयवंत मागे वळला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

लग्नाच्या आधीपासून शालन दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती. त्यांनी श्वास टिकवला, पण चेहरा सुजून गोल झाला. जयवंतने तिला तशीच पाहिली होती, तशीच पसंत केली होती. या खेपेला तो बोटीवर असताना तिला नवी गोळी मिळाली. ती फुप्फुसात जिथे सूज असेल तिथेच जागी व्हायची. बाकीच्या शरीराला तिचा पत्ताही लागत नसे. डॉक्टरांनी जुन्या गोळ्या हळूहळू बंद केल्या आणि चेहऱ्याची सूज उतरत गेली. फोनवर मात्र शालन कॅमेरा बंद ठेवायची. हा चेहरा त्याला परका वाटला तर, अशी तिला धास्ती होती.

"आवडला नाही का?" तिने हळूच विचारलं.

"तसं नाही गं. आधी नीट बघू तर दे."

त्याचा गोंधळ बघून तिला हसू फुटलं आणि डाव्या गालावर खळी पडली.

"ही कुठून आली?"

"जन्मापासूनच आहे. सुजेखाली दडली होती."

जयवंत एरवी अबोल माणूस. पण त्या दिवशी रिक्षा घरी पोहोचेपर्यंत तो बोटीवरच्या आचाऱ्याचे किस्से सांगून तिला हसवत राहिला.